बक्षिसाची सहल

चाकणजवळच्या निघोज्यातल्या एका कंपनीने बायकांची सहल कधी काढली नव्हती. दिवाळीला सोनपापडीचा पुडा मिळायचा, महिला दिनाला एकेक गुलाब मिळायचा आणि तोही दुसऱ्या शिफ्टपर्यंत पुरायचा नाही. त्यामुळे एचआरच्या श्रद्धा मॅडम लाइनीवर आल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी तुमची अख्खी लाइन वाई-पाचगणीला जातेय. पगारी सुट्टी, खाणंपिणं कंपनीचं," तेव्हा बायका हातातल्या वायरी तशाच धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग गोजाबाई म्हणाली, "मॅडम, चेष्टा करताय व्हय गरिबाची?" आणि सगळ्या हसल्या.

अंजली हसली, पण तिच्या मनात लगेच ते दार आलं.

गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बांधायचं काम या लाइनीवर चालायचं. दिवसभर उभं राहून टेप गुंडाळायची, कनेक्टर खटकन बसवायचे, जुडगा पुढे सरकवायचा. लाइनीच्या मागे एक दार होतं. आग लागली तर तिथून बाहेर पडायचं, असं वर पाटीवर लिहिलेलं होतं. पण मध्यंतरी तांब्याची वायर चोरीला गेली आणि तेव्हापासून त्या दाराला कुलूप पडलं ते पडलंच. किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये. गेल्या महिन्यात गरम मशीनशेजारच्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याने पेट घेतला. आग फार मोठी नव्हती, पण काळा धूर झाला आणि तो नेमका बाहेर जायच्या वाटेवर. सगळ्या बायका मागच्या दाराकडे धावल्या. कुलूप. त्या दारावर थापा मारत, ओढणी-पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. किल्लीवाला चहाला गेला होता. तो येईपर्यंत यशोदाबाई खाली कोसळली होती आणि तिच्या अंगावर पाय पडू नये म्हणून अंजली तिच्यावर ओणवी होऊन बसली होती.

कोणी दगावलं नाही. कंपनीने यशोदाबाईला दोन दिवस सुट्टी दिली आणि सगळ्यांना सांगितलं, दार उघडंच होतं, तुम्हीच घाबरलात.

हे शेवटचं वाक्य अंजलीला सोसलं नाही. ती चिखलीतल्या कामगाराच्या घरात वाढलेली. वडील अण्णासाहेब पिंपरीच्या जुन्या कारखान्यात कायम नोकरीत होते. हिला मात्र ठेकेदारामार्फत काम, अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा नवा. तरी तिने नवऱ्याला, म्हणजे संघर्षला, सोबत घेतलं, यशोदाबाईला घेतलं आणि कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आली. तिथला अधिकारी शांतपणे ऐकून म्हणाला होता, "मी येईन. तुमच्या लाइनीवरच्या बायकांना तिथेच विचारीन. कधी येईन ते सांगता येणार नाही."

म्हणून तिने श्रद्धा मॅडमला विचारलं, "आमच्याच लाइनीला कशी सहल?"

"आउटपुट चांगलं आहे ना तुमचं. बक्षीस समजा."

"एखादीला नाही जमलं तर?"

श्रद्धा वयाने अंजलीएवढीच होती. ती म्हणाली, "मग गैरहजेरी लागेल, ताई. कामावर आलात तरी लाइन बंदच असणार आहे."

घरी संघर्ष म्हणाला, "जाऊन ये. शंका काढत बसलीस तर जन्मात पाचगणी बघायची नाहीस." आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं.

गुरुवारी पहाटे बस निघाली. सुपरवायझर धनेश पुढच्या सीटवर बसला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात कॅमेऱ्याचा मोबाईल; श्रद्धा मॅडम त्याच्या मागच्या सीटवर. ड्रायव्हर भैरू हा ठेक्याच्या बसवरचा मध्यमवयीन माणूस, कपाळाला बुक्का, बोलणं कमी. त्याने हिंदी गाणी लावली आणि खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मागच्या बायका नाचायलाही उठल्या. गोजाबाई निघोज्याचीच. तिच्या सासऱ्याची जमीन कंपनीसाठी जिथे गेली तिथेच आता ती टेप गुंडाळत होती. घाटातून खाली बघून ती म्हणाली, "आमी लग्नात जेजुरीला गेल्तो. त्याच्या म्होरं आजच."

वाईला गणपतीचं दर्शन झालं, नदीच्या घाटावर पोहे झाले. बायकांनी कृष्णेच्या पाण्यात पाय सोडले. यशोदाबाई बीडकडची, पाणी बघितलं की तिचं बोलणं थांबायचं. ती नुसती ओंजळ भरायची आणि सोडायची. अंजलीने तिचा फोटो काढला. त्या घटकेला तिला खरंच वाटलं, की आपण उगाच वाकडं बघतो, एखाद्या वेळी कंपनीलाही माणुसकी सुचत असेल.

पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडल्यावर रस्त्याकाठी जॅम-सरबताच्या एका कंपनीने मोठी बाग केली होती. दारात सिमेंटची भलीमोठी लालभडक स्ट्रॉबेरी, तिच्याजवळ फोटोसाठी रांग. आत छोट्या कागदी पेल्यांतून सरबत चाखायला देत होते. बायकांनी जांभळाचं घेतलं, करवंदाचं घेतलं, मग पुन्हा रांगेत जाऊन आणखी एकदा घेतलं. दुपारचं जेवण तिथेच होतं. जेवणाआधी धनेश म्हणाला, "चला, फॅक्टरी बघायचीय. तेच तर इथलं खास आहे."

लांबलचक गॅलरी होती, एका बाजूला काच. काचेखाली जॅमचा कारखाना. पांढऱ्या टोप्या आणि तोंडाला जाळी लावलेल्या बायका पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांना झाकणं बसवत होत्या. वर बघायची बंदी असावी, कारण एकीनेही मान वर केली नाही. गॅलरीत पर्यटकांची पोरं काचेवर हात आपटत होती.  सहलीच्या बायकांना मात्र त्यात काही नवीन दिसत नव्हतं. गोजाबाई हळूच म्हणाली, "ती शेवटची बघ. कंबर धरलीय तिची." अंजलीची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे एक रुंद दार होतं, त्याला आडवा दांडा होता, आणि तेवढ्यात एक बाई तो दांडा कोपराने ढकलून सहज बाहेर गेली. दार आपोआप मिटलं. अंजली त्या दाराकडे बघत असतानाच तिचा मोबाईल वाजला.

करिष्माचा फोन होता. करिष्मा त्याच कंपनीत, पण शेजारच्या लाइनीवर. आत मोबाईल चालत नसे, गेटवर जमा करावा लागे. म्हणजे ती जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन बोलत होती. आवाज दबका होता.

"अंजूताई, साहेब आलेत. ते कारखान्याचे निरीक्षक."

"आज?"

"सकाळपासून. तुमच्या लाइनीवर नव्या पोरी उभ्या केल्यात, काल भरती केलेल्या. दाराचं कुलूप काढलंय, रंग पण मारलाय, अजून वास येतोय. साहेबांनी विचारलं, आगीच्या दिवशी कोण होतं? तर म्हणाले, त्या बायका सुट्टी टाकून आपापल्या गावी गेल्यात. मी बोलणार होते ताई, पण मी तुमच्या लाइनीवर नव्हते ना त्या दिवशी. बझर झाला, ठेवते."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा तो गेटवरच्या कप्प्यात पडून नुसता वाजत असणार.

अंजलीच्या तोंडाला करवंदाच्या सरबताची आंबट चव राहिली होती; ती एकदम नकोशी झाली. ती थेट धनेशकडे गेली. "सर, मला परत जायचंय."

"का? तब्येत?"

"कंपनीत निरीक्षक आलेत. आमच्याशीच बोलायला आलेत."

धनेशच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. तेवढ्याने तिला कळलं, की निरीक्षक येणार ही खबर कंपनीला आधीच लागली होती. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंजलीताई, मी पण नोकरच आहे. तुम्हाला सुखरूप घरी सोडायची जबाबदारी माझ्यावर आहे, मध्येच एकटीला कशी सोडू? आणि जाणार कशाने? इथून एसटी पकडून स्वारगेट, तिथून चाकण. पोहोचेपर्यंत साहेब घरी जेवत असतील. त्यापेक्षा जेवून घ्या. स्ट्रॉबेरी क्रीम आहे."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. तिने मनातल्या मनात रस्ता मोजून पाहिला. कुठूनही गेलं तरी दिवस पुरत नव्हता. इतकी माणसं, इतकं ऊन, चहूकडे डोंगर मोकळे, आणि तिला त्या धुरातल्यासारखा श्वास कोंडल्यागत झाला.

जेवणाच्या टेबलावर तिने बायकांना सांगितलं. कोणाचा घास हातात राहिला, कोणी नुसतं ताटाकडे बघितलं. श्रद्धा मॅडम टेबलाच्या टोकाला होत्या. अंजलीने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला बस बुक करायला सांगितली होती," श्रद्धा म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं. "तारीख बदलू नका म्हणाले. का, ते मी विचारलं नाही."

गोजाबाईला राग आला, पण तो अंजलीवर. "आता काय करायचं मंग? उपाशी बसायचं? घरनं निघताना सुनंला म्हणलं, आजच्या दिस तू बघ सगळं. एक दिस मिळाला, त्यो पण असा नासवायचा का? सायबाला काय सांगायचं ते सांग की उद्या."

"उद्या साहेब येणार नाहीत, मावशी. आज ते लिहून नेणार, की दार उघडं आहे आणि बायका खूश आहेत."

"मंग आमी काय करू?" गोजाबाई म्हणाली. अंजलीने संघर्षला फोन लावला. तो भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, उचलला नाही. तिने बोलून निरोप पाठवला आणि बायकांच्या मागोमाग बसमध्ये चढली. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

पाचगणीला टेबल लँडच्या पठारावर सगळ्यांना पुन्हा उतरवलं. वारा मोकाट सुटला होता, घोडेवाले मागे लागत होते. धनेशने सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, कंपनीच्या नावाचा बॅनर दोघींच्या हातात दिला आणि म्हणाला, "हसा जरा. मोठ्या साहेबांना पाठवायचाय." अंजली ओळीतून बाहेर आली आणि एका दगडावर जाऊन बसली. धनेशने दोनदा हाक मारली. ती उठली नाही. काही वेळाने यशोदाबाई येऊन शेजारी टेकली. ती म्हणाली, "मला त्या दिशीचं काय बी याद न्हाई बग. तू अंगावर व्हतीस एवढं कळत व्हतं. वजन लागत व्हतं तुजं."  खाली दरीत धोम धरणाचं पाणी चमकत होतं. फोटो निघाला, गेला. त्यात बाकीच्या सगळ्या हसत होत्या.

परतताना पसरणीच्या घाटात वळणावर ट्रक बंद पडला होता. वरच्या गाड्या वर, खालच्या खाली. भैरूने बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं. गाणी चालूच होती. ऊन उतरायला लागलं होतं. बसमध्ये वेफर्सचे पुडे फुटले, कोणीतरी पेंगायला लागलं. एसीची बस, काचा न उघडणाऱ्या. इंजिन बंद झाल्यावर आत उबट वास भरला.

तेव्हा संघर्षचा फोन आला.

"मी निघोज्याला आलोय, गेटबाहेर. निरोप ऐकला, अर्धी शिफ्ट टाकून निघालो. साहेबांची गाडी आत्ता बाहेर आली, मी गाडीला आडवा आलो. ते समोर आहेत. बोल त्यांच्याशी. लवकर."

अंजली उठून उभी राहिली. "भैरूदादा, गाणी बंद करा."

भैरूने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. बसमध्ये एकदम शांत झालं. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाणार होता, धनेशलाही. तिने सीटची दांडी घट्ट धरली.

"साहेब, मी अंजली बोलतेय. ऑफिसात आले होते. आम्ही गावी गेलेलो नाही. आम्हाला कंपनीनेच सहलीला आणलंय, आजच्याच दिवशी. सगळ्या इथे आहोत, एका बसमध्ये." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "दाराला कुलूप होतं. किल्ली सिक्युरिटीकडे होती. आम्ही थापा मारत होतो... हॅलो? साहेब? हॅलो?"

रेंज गेली होती. तिने फोन उंच धरला, काचेला लावला. काही नाही. वळणाच्या पुढे, कठड्याच्या टोकाला, चार-दोन गाड्यांमधले लोक उभे राहून फोनवर बोलताना दिसत होते.

ती पुढे आली. धनेश दारापाशी उभा राहिला होता. "घाटात कोणी उतरायचं नाही. गाड्या आहेत, दरी आहे. काही झालं तर कोण बघणार?"

"गाड्या उभ्या आहेत, सर. बाजूला व्हा."

"अंजलीताई, करार या महिन्यात संपतोय तुमचा. मी चांगल्यासाठी सांगतोय."

तो हात लावत नव्हता, ओरडत नव्हता. नुसता उभा होता, आणि त्याच्या मागे बंद दार.  कराराचं भय होतंच; त्याहून जास्त त्या दाराचं. ती पुन्हा एका बंद दारासमोर उभी होती आणि किल्ली पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या हातात होती. तिने भैरूकडे पाहिलं. ते दार त्याच्या सीटजवळच्या बटणावर उघडायचं.

भैरू समोरच्या बंद ट्रकाकडे बघत होता. तो म्हणाला, "सुपरवायझर, बस माजी हाय. माणूस उतरतो म्हणलं तर दार उघडावं लागतं मला." आणि त्याने बटण दाबलं. दार सुस्कारा टाकत दुमडलं. धनेश तोल सावरायला बाजूला झाला, आणि अंजली त्याला ओलांडून खाली उतरली.

ती कठड्याकडे जवळजवळ धावतच गेली. फोन लागला तेव्हा तिला दम लागला होता. पलीकडे संघर्ष म्हणाला, "आहेत अजून. थांबवून धरलंय." मग तो अधिकारी फोनवर आला. अंजलीने आता सलग सांगितलं. धूर कुठून आला, वाट कशी बंद झाली, कुलूप कुठलं, किती वेळ लागला ते तिला सांगता येत नव्हतं, पण यशोदाबाई बेशुद्ध पडली तोवर दार उघडलेलं नव्हतं, एवढं ती शपथेवर सांगू शकत होती. दाराला रंग ताजाच मारलाय, हेही सांगितलं.

"तुम्ही एकट्या सांगताय," तो अधिकारी म्हणाला. आवाजात कंटाळा नव्हता, पण घाई होती. "कंपनी म्हणेल, एका बाईचा राग आहे. दुसरं कोणी आहे का तिथे, त्या दिवशी असलेलं?"

अंजली वळली. तिला वाटलं होतं मागे यशोदाबाई असेल, आणि ती होतीच, पदर खोचून, धापा टाकत. पण तिच्यामागे बसमधून आणखी बायका उतरत होत्या. उभ्या गाड्यांमधून वाट काढत येत होत्या. अंजलीने फोन यशोदाबाईच्या हातात दिला. यशोदाबाईने तो उलटा धरला, मग सरळ केला. "मी पडले व्हते," ती म्हणाली. "ती मीच." मग पुढचीने घेतला. मग तिच्या पुढचीने. प्रत्येकीने आधी नाव सांगितलं, मग कुलपाचं.

गोजाबाई सगळ्यांत शेवटी आली. ती फोन घ्यायला तयार होईना. "मला न्हाई बोलता येत मोठ्या मानसासंगं," म्हणाली. मग स्वतःच तिने फोन ओढून घेतला. "सायेब, मी निगोज्याचीच हाय. कंपनीच्या आदीपास्नं. त्या दाराला कुलूप व्हतं. माज्या हाताला अजून वण हाय, दार वाजवून वाजवून. या, दावते." एवढं बोलून तिने फोन परत दिला, कठड्याला टेकली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

अधिकारी म्हणाला, "ठीक आहे. मी आजचा अहवाल बंद करत नाही. पण फोनवरचं कागदावर चालत नाही. सोमवारी ऑफिसला यायला जमेल?"

"येऊ," अंजली म्हणाली.

"जितक्या येतील तितक्या या."

तोवर खालून हॉर्न सुरू झाले. ट्रक बाजूला ओढला गेला होता. भैरू बस हळूहळू पुढे आणत कठड्याजवळ थांबला आणि दार उघडं ठेवून बसला. बायका एकेक करून त्याच बसमध्ये चढल्या, कारण घरी जायला दुसरी बस नव्हती. धनेश पुढच्या सीटवर काचेकडे तोंड करून बसला होता. मोबाईल मांडीवर, अंगठा न हलवता. श्रद्धा मॅडम उठून मागे आल्या आणि अंजलीशेजारच्या रिकाम्या सीटवर बसल्या.  वाईच्या अलीकडे त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, अंजलीने घेतली.

 एवढं बोलून मोकळं वाटेल असं अंजलीला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. सोमवारपर्यंत तीन दिवस होते, त्यात शुक्रवार-शनिवारी त्याच लाइनीवर उभं राहायचं होतं, त्याच धनेशसमोर. बस सुरूरच्या फाट्यावर हायवेला लागली आणि पुण्याच्या दिशेने गाड्यांचे लाल दिवे लांबवर लागले. बाहेर पडायची वाट तेवढी एकच होती आणि तीही गर्दीने भरलेली.

सोमवारी ऑफिसात अर्ध्याहून जास्त बायका आल्या. काही आल्या नाहीत, त्यांचं कोणी काही मनाला लावून घेतलं नाही. दोनेक महिन्यांनी कंपनीला नोटीस निघाली. दाराचं कुलूप गेलं, त्याला आडवा दांडा बसला, ढकलला की उघडणारा. अंजलीचा करार मात्र सहलीच्याच महिन्यात संपला होता आणि नवा झाला नाही. यशोदाबाईचाही नाही. गोजाबाईला मात्र ठेवलं. गावातली बाई, तिला काढायला कंपनी बिचकली असेल.

अंजली आता पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीजवळच्या दुकानात पिशव्या शिवते. पगार कमी आहे. दुकानाला शटर आहे, आणि दुपारी मालक जेवायला जाताना ते अर्धं ओढून घेतो, उन्हाची तिरीप नको म्हणून. पहिल्या दिवशी तो असा निघाला तेव्हा अंजली मशीन थांबवून उठली आणि म्हणाली, "पूर्ण उघडं ठेवा. मला ऊन चालतं."

मालकाला कारण कळलं नाही, पण त्याने शटर वर सारलं.